बादशा डावीकडे, वजीर उजवीकडे

६ ऑगस्ट २००६, रविवार

अब्बाच्या गॅरेजचं जुनं रजिस्टर सापडलं. पुढच्या अर्ध्यात कोणत्या गाडीचं काय उघडलं ते लिहेल आहे, मागचं अर्धं कोरं. त्या कोऱ्या भागात मी हे सुरू करून राह्यलो. कादंबरी सध्या बंद. तिच्यात माणूस एकही नव्हता, नुसत्या वस्तू होत्या. चाळीस पानांनंतर वस्तूंनीपण बोलणं सोडलं. पुण्याच्या एका मासिकानं पहिलं प्रकरण परत पाठवलं, संगं चिठ्ठी: "काय म्हणायचे आहे ते कळले नाही." पुसदच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केलं त्याचं हे फळ.

आज दुपारी सावळखुट्याचे सदाशिवकाका आपला पिकअप घेऊन आले. घेऊन आले म्हणजे उतारानं आले. गाव वर टेकाडावर, आमचं गॅरेज खाली ढाणकी रोडच्या फाट्यावर. त्यांच्या गाडीचं सेल्फ मेलेलं, म्हणून ते गाडी नेहमी उतारावरच उभी करते. ब्रेकचंही तसंच. गॅरेजसमोर अब्बानं जुन्या टायरचा एक ढीग मुद्दाम लावून ठेवला आहे, बिगर ब्रेकच्या गिऱ्हाइकांसाठी. काकाचा पिकअप त्याच्यात नाक खुपसून थांबला.

काका दाराची दोरी सोडून खाली उतरले.

"रहमतभाई, बिरेक पाह्यजेत. पोळ्यापर्यंत."

"पोळ्याले ब्रेक कायले?" अब्बा म्हणाले. "कापूस तं दिवाळीले निघते."

"कापसासाठी नाही. तोरणाखाली उभा करायचा आहे."

अब्बानं हातातला पाना खाली ठेवला. अब्बा पाना सहसा खाली ठेवत नाही.

गोष्ट अशी आहे. पोळ्याच्या दिवशी सावळखुट्यात गावाखालच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधते. त्याच्याखाली पहिली उभी राहते ती मानाची जोडी. ती तोरण तोडते, मग बाकीचे बैल सुटतात. हा मान चार पिढ्यांपासून सदाशिवकाकाच्या घरी. पण काकांनी दोन वर्षांमागं बादशा आणि वजीर ही जोडी विकली आणि पुसदच्या एका कोंबडीवाल्याकडून हा एकोणनव्वद सालचा डिझेल पिकअप घेतला. काहून विकली ते कोणी विचारलं नाही. कापसाच्या या वर्षांत कोणी काय विकलं हे गावात विचारत नाहीत. पण पंचांनी दोन पोळे वाट पाह्यली आणि यंदा सांगितलं, जोडी नाही तर मान भावसिंगच्या घरी जाईल.

काका म्हणतात, पिकअप हीच माझी जोडी.

मले वाटते मी कादंबरी चुकीच्या वस्तूंबद्दल लिहून राह्यलो होतो.

९ ऑगस्ट

मारुतीच्या पारावर बैठक झाली. अब्बाले जाणकार म्हणून बोलावलं होतं, मी मागं मागं गेलतो. आधी पोळ्यात पंचावन्न जोड्या राहायच्या, यंदा एकोणीस भरल्या. त्याच्यामुळं असंल, पण पंचांनी गाडीचं नाव ऐकून कोणाले हाकललं नाही.

भावसिंग उभा राह्यला. उंच माणूस, पांढरं मुंडासं, आवाज असा की बैल झोपेत कान हलवतील.

"जोडी म्हंजे दोन," तो म्हणाला. "हे एक नग आहे."

"याले दोन दिवे हायेत," काका म्हणाले. "दोन आरसे हायेत."

"माह्या म्हशीले दोन डोळे हायेत. म्हून ते जोडी झाली काय?"

सगळे हसले. काका हसले नाही. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून विमलकाकू बोलल्या. काकांची बायको, बैठकीत कधी बोलत नाही.

"डाव्या अंगाचा बादशा आहे, उजव्या अंगाचा वजीर. आमचा वजीर उजव्या पायानं लंगडे. याचा बी उजवा पाटा मोडेल हाये. रहमतभाऊले विचारा."

सगळे अब्बाकडे पाहू लागले. अब्बानं घसा साफ केला. "उजवा पाटा मोडला आहे," ते म्हणाले. "मी परवाच पाह्यला."

पाटा म्हणजे चाकावरची वाकडी लोखंडी पट्टी, तिच्यावर गाडीचा भार राहते. पुरावाच होता.

भावसिंगनं मुंडासं नीट केलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मानाचा बैल थांबतो. झडती संपेपर्यंत तोरणाखाली उभा राह्यला पाह्यजे. नाही राह्यला तं मान माह्या घरी, आन् मंग परत मांगायचा नाही."

रामलालबुवा, गावातले सगळ्यात म्हातारे पंच, मान हलवून म्हणाले, "बराबर आहे. जो थांबत नाही तो मानाचा नाही."

झडती म्हणजे पोळ्यात बैलापुढं ओरडून म्हणायचं यमकाचं कवन. आपल्या बैलाची बढाई, दुसऱ्याच्या बैलाची चेष्टा, शेवटी महादेवाचं नाव. निघताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साद, तू शिकेल आहेस. गाडीची झडती तू लिही."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मले काही लिहायले सांगितलं.

१२ ऑगस्ट

चारही चाकं उघडली. ड्रममधून कोंबडीची पिसं निघाली. अब्बा म्हणाले, कोंबडीवाल्याची गाडी कितीही धुवा, पिसं निघतच राहते. लायनर पार रिबिटापर्यंत घासले होते. लायनर म्हणजे ब्रेकच्या बुटावर बसवलेला खरखरीत पट्टा. तो ड्रमले आतून घासते आणि गाडी थांबते. एका चाकात दोन, असे आठ.

काका रोज येतात आणि रोज काही नवीन सुचवतात. आज म्हणे शिंगं पाह्यजेत, आणि शिंगातून धूर निघाला पाह्यजे.

"शिंगातून धूर काढला तं बोनेट पेटंल," अब्बा म्हणाले.

"थोडासा."

"धूर थोडासा नसतो, सदाशिवराव. जुनं डिझेल इंजिन आहे. देते तं भरपूर देते."

शेवटी जुन्या सायलेन्सरच्या पाइपची शिंगं झाली, शोभेची. अब्बानं ती अशी वेल्डिंग केली की दोन्हीचा वाक बरोबर सारखा. तीन तास लागले. बापाले इतकं मन लावून काम करताना मी पाह्यलं नव्हतं. किंवा मी पाहत नव्हतो. काकांनी शिंगावर हात फिरवला आणि म्हणाले, "वजीरचं डावं शिंग जरा खाली होतं." अब्बानं परत टॉर्च पेटवली.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. झडती सुचत नाही.

१६ ऑगस्ट

झडती सुचली. यमक मी मुद्दाम टाळलं. काका आणि विमलकाकूले वाचून दाखवली:

लोखंड आहे.
लोखंडाला भूक नाही.
तरी त्याच्यापुढे पुरण आहे.

मग काका म्हणाले, "हे झडती आहे का दवाखान्याचा रिपोर्ट?"

विमलकाकू म्हणाल्या, "बापू, लिहेल बरं आहे. पण याले शेपूट नाही."

शेपूट म्हणजे यमक. मी सांगितलं की आता जगात शेपटीचा काळ गेला. काकू म्हणाल्या, "जगात गेला असंल. आखरावर नाही गेला."

१९ ऑगस्ट

अब्बा ब्रेकचे रबर आणायले पुसदले गेले आणि तिथंच अडकले. सुग्राबी फुफीच्या, म्हणजे अब्बाच्या बहिणीच्या, डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तिले अब्बाशिवाय कोणी चालत नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर फोन केला.

"रबर एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवतो. उतरवून घे. आठही लायनर मी बुटावर ठोकून ठेवले हायेत, गोणपाटावर. त्याले हात लावू नको. तेलाचं बोट तं बिलकूल लागू देऊ नको. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"तेलाचं बोट."

"मी आल्यावर बसवतो. पोळ्याच्या सकाळी येतो."

मी तेव्हा फोनच्या तारेवर बसलेल्या एका होल्याकडे पाहून राह्यलो होतो. त्याच्या खालून करंट जाऊन राह्यला होता अब्बाच्या आवाजाचा, आणि तो शांत. याचं काहीतरी होईल.

२० ऑगस्ट

रंगकाम केलं. डाव्या दारावर "बादशा", उजव्या दारावर "वजीर". अंगावर गेरूचे ठिपके, शिंगाले बेगड, आरशाले गोंडे, वायपरले बाशिंग. समोरच्या जाळीतून वेसण ओवली, तिचा कासरा खिडकीतून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत. विमलकाकूनं लग्नातल्या शालूची झूल शिवली, बोनेटवर टाकायले. ट्रायलसाठी इंजिन सुरू केलं तर दहा मिनिटात रेडिएटर उकळला, कारण झुलीनं हवा बंद झाली. काकूनं कात्री मागितली आणि शालूच्या मधोमध खिडकी कापली. काका दुसरीकडे पाहत होते.

बाहेरगावचे दोन पाहुणे जीप थांबवून उतरले. कापूस, भाव, घरची परिस्थिती असं सगळं लिहून घ्यायले गावोगाव फिरून राह्यले होते. गाडीकडे पाहून त्यांनी वही उघडली, मग बंद केली. त्यांच्या छापील कागदावर याच्यासाठी रकाना नव्हता.

नवीन झडती झाली. शेपटीसकट. माझी तत्त्वं मी सोडली, असं इथं नोंदवून ठेवतो.

२२ ऑगस्ट, मंगळवार

आज खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळतात, वर्षभर जू ओढते म्हणून. मग त्याच्या कानात सांगतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तिसऱ्या पहरी विमलकाकू वाटी घेऊन गॅरेजवर आल्या. मी एकटाच होतो. पिकअप चार दगडांवर, चाकं निघालेली, ड्रम उघडे.

त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. "दोन वर्स झाले, हात कोरडे आहेत," म्हणाल्या. मग विचारलं, "बापू, याचा खांदा कोनता?"

असा प्रश्न मले पुसदच्या कॉलेजात तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी विचार करून बोललो. मी म्हटलं, "काकू, बैल ओढते म्हणून त्याचा खांदा दुखते. गाडीले ओढायचं काही दुःख नाही, उतारावर ते आपोआप पळते. तिचा सगळा भार येते थांबताना. चालणं सोपं आहे, थांबणं हेच ओझं. म्हणून हे गोणपाटावर ठेवलेले आठ पट्टे दिसून राह्यले ना, हेच तिचे खांदे."

वाक्य मलेच इतकं आवडलं की लगेच आत जाऊन लिहून काढलं. मग त्यावरून अजून चार वाक्यं सुचली. अर्ध्या तासानं बाहेर आलो तर काकू वाटी पदरानं पुसत होत्या. चेहरा असा मोकळा होता की मले वाटलं रडून झालं असावं.

"झालं बापू. आवतन देलं," म्हणाल्या आणि वाटेनं वर गेल्या.

कंडक्टरनं रबर दिले होते. अब्बानं थांब म्हटलं होतं, पण संध्याकाळी काका आले आणि उकिडवे बसून चाकांकडे पाहत राह्यले. माणूस असा बसला की आपल्याच्यानं राहवत नाही. मी स्वतः रबर घातले, बूट बसवले, ड्रम चढवले. जन्मात पहिल्यांदा. लायनर हाताले मऊ लागले, जरासे पिवळे. नवीन माल असाच असते वाटते. ड्रम चढवताना छान घरगुती वास येत होता.

अब्बाले दाखवायचं आहे की मलेपण येते.

२३ ऑगस्ट, बुधवार. पोळा

घडलं तसं लिहितो.

सकाळी अब्बा पुसदहून आले. ड्रम बसवलेले पाहून रागावले नाही, त्याचंच मले आश्चर्य. नटांवर एकेक करून पाना लावून पाह्यला. म्हणाले, "बराबर कसले आहेस." मग मी पॅडल दाबत गेलो आणि त्यांनी नळीतली हवा काढली. सपाटीवर गाडी हळू चालवून ब्रेक मारला. थांबली, पण थोडी पुढं जाऊन.

"मऊ लागते," अब्बा म्हणाले.

"नवीन लायनर आहे. बसंल," मी म्हटलं. हे वाक्य मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं.

अब्बानं थोडा विचार केला. "हां. नवीन आहे." काकाले बजावून सांगितलं, "सदाशिवराव, उतारावर पहिल्या गिअरमध्ये राहायचं. न्यूटल करायचं नाही."

"नाही करत," काका म्हणाले.

चार वाजता आखरावर सगळे जमले. तोरणामागं एकोणीस जोड्या. पहिल्या नंबरची जागा मोकळी ठेवली होती. तिच्या मागं भावसिंगची जोडी, चांद्या आणि सूर्या. उजवा सूर्या शांत उभा. डावा चांद्या कुठंतरी भलतीकडेच पाहून राह्यला होता. भावसिंगनं त्याले तीनदा नावानं हाक मारली, त्यानं कान हलवला नाही. मानी जनावर दिसते.

गाडी वर काकाच्या घरापुढं, उतारावर. चाळीस जणांनी धक्का दिला. इंजिन धरलं. धूर भरपूर दिला. घुंगरू, गोंडे, बाशिंग, शालूची झूल, पाइपची शिंगं, आणि आत पांढरा सदरा घालून सदाशिवकाका, एका हातात स्टेअरिंग, एका हातात कासरा. खरं सांगतो, ते बैलच वाटून राह्यलं होतं. म्हणजे बैल नाही, पण कोणीतरी.

मग काकांनी न्यूटल केलं. डिझेल वाचवायची सवय. उतार आला की त्यांचा हात आपोआप जाते.

मी तोरणाजवळ उभा राहून झडती सुरू केली:

चार चाकं, दोन दिवे, लोखंडाची छाती,
डिझेल पेते, धूर टाकते, खात नाही माती.

गाडी बैलाच्या चालीनं येत होती. मग घोड्याच्या चालीनं. मले काकाचं तोंड काचेतून दिसत होतं. ते पॅडलवर जवळजवळ उभे होते.

"होऽ," काका म्हणाले. "होऽ बादशा. होऽ वजीर." आणि कासरा ओढला. वेसणीसंगं समोरची जाळी निघून हातात आली.

"गिअर टाका," अब्बा धावत ओरडत होते. "सदाशिवराव, गिअर!"

लोक दोन्हीकडे फाकले. गाडी तोरणाखाली आली, थांबली नाही, तोरण काचेवर गुंडाळून पुढं निघाली. माझी झडती अर्धी राह्यली होती. पंचांचा नियम माझ्या डोक्यात होता: झडती संपेपर्यंत. संपली नव्हती. म्हणून मी गाडीमागं धावत म्हणत राह्यलो:

बादशा हाये डाव्या अंगी, वजीर उजव्या अंगी,

आखर संपलं की समोर सरळ भावसिंगचं घर आहे. बांबूचं फाटक. ते आता नाही.

बाकीच्याइले पाठीवर घेऊन जाते, असा हा रंगी ढंगी,

हे यमक कमजोर आहे, मले माहीत आहे. धावताना बदलता येत नव्हतं. पिकअप अंगणात शिरला, कडब्याच्या गंजीत बोनेटपर्यंत घुसला आणि उभा राह्यला. मी त्याच्या मागच्या फळीले धरून, दम घेत, महादेवाचं नाव घेतलं. झडती संपली.

इंजिन अजून सुरूच होतं. कोणाले काही लागलं नाही. एक कोंबडी गंजीवरून उतरून रागानं निघून गेली. अंगणभर कढलेल्या तुपाचा आणि हळदीचा वास सुटला होता. मी समजलो भावसिंगच्या घरचा स्वयंपाक.

हंसाबाई, भावसिंगची बायको, बैलांची पूजा करायचं ताट घेऊन दारातच उभी होती. तिनं गाडीकडे पाह्यलं. शिंगं, झूल, बाशिंग, काचेवर तोरण. मग ताट खाली ठेवून तांब्या घेतला.

"आव," ती आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, म्हणाली, जसं दारी आलेल्याले म्हणतात तसं. चारही चाकं धुतली. पाणी पडलं तसा ड्रममधून चर्र आवाज आला. बोनेटले कुंकू लावलं. पुरणपोळी कुठं द्यायची याचा जरा विचार केला आणि बंपरवर ठेवली.

"दारात आलेल्या बैलाले तसंच नाही धाडत," मागं जमलेल्या लोकाइले तिनं सांगितलं. कोणी हसलं नाही.

काका खाली उतरले. ते गोठ्याच्या कुडाले टेकून उभे राह्यले आणि त्यांची नजर आत गेली. आत दोन गव्हाणी होत्या. एकीत ताजा चारा. दुसरी सरपणानं काठोकाठ भरलेली, वर धूळ, तिच्या खुंट्यावर कोळ्याचं जाळं. भावसिंग टापटीप माणूस आहे, जागा वाया जाऊ देत नाही.

काका त्या दुसऱ्या गव्हाणीकडे पाहतच राह्यले. तेवढ्यात भावसिंग फाटकातून ओरडत आला. त्यानं पाह्यलं काका कुठं पाहून राह्यले ते, आणि त्याचा आवाज तिथंच बंद झाला. तो चालत येऊन त्या गव्हाणीपुढं उभा राह्यला. दोघं एकमेकांकडे पाहत होते. मागं लोक येऊन राह्यले होते.

काकाच बोलले. "भावसिंग, पाणी दे प्यायले." पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "नाही थांबला माझा. मान तुया."

"कोन म्हणते नाही थांबला?" भावसिंग म्हणाला. लोकांकडे वळला. "झडती संपली तवा उभा होता का नाही? ह्या पोराले विचारा. ऐकलं मी, शेवटची ओळ याच अंगणात झाली."

रामलालबुवा काठी टेकत पोचले होते. त्यांनी मले विचारलं. मी म्हटलं, हो, झडती पूर्ण झाली तेव्हा गाडी जागेवर होती.

"तोरण कोनी तोडलं?"

"त्यानंच."

"मंग मान सदाशिवच्या घरी," रामलालबुवा म्हणाले.

भावसिंगसारख्या माणसानं एका मिनिटात माघार घ्यावी, याचं एकच कारण मले दिसते. झडती. शब्दात ताकद असते हे मी पुस्तकात वाचलं होतं. आज धावता धावता पाह्यलं.

पोळ्याच्या दिवशी बैलाले जू लावत नाहीत, म्हणून गाडी ओढायले कोणाचा बैल मागता आला नाही. ती भावसिंगच्याच अंगणात राह्यली. जाताना पाह्यलं तर हंसाबाईनं तिच्यापुढं एक पेंढी कडबापण टाकला होता.

२४ ऑगस्ट

अब्बानं भावसिंगच्या अंगणात चाकं उघडली. मी हाताखाली. पहिला ड्रम निघाला, अब्बानं लायनरवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाह्यलं. मग कुडाजवळ उभ्या विमलकाकूकडे. काकूचे दोन्ही हात पदराखाली होते.

काका, भावसिंग, रामलालबुवा, सगळे विचारू लागले काय निघालं.

"ग्रीस," अब्बा म्हणाले. "माझाच हात लागला असंल. बुढा झालो आता, लक्ष राहत नाही."

"तुयाच्यानं असं होत नाही, रहमत," भावसिंग म्हणाला.

"झालं ना. पाह्यलं तुम्ही."

विमलकाकूनं तोंड उघडलं. अब्बा तिच्याकडे न पाहता म्हणाले, "विमलताई, थोडं फडकं पाह्यजे होतं." ती फडकं आणायले गेली. आणताना चालत नव्हती, धावत होती.

अब्बानं आठही लायनर पेट्रोलनं धुतले, कानशीनं घासले. पिवळं पाणी निघालं. इतक्या वर्षांची मेकॅनिकगिरी आणि माणूस शेवटी ग्रीसच्या बोटानं चुकते. मले वाईट वाटलं. खरं म्हणजे बूट मी बसवले त्या दिवशी अब्बा पुसदले होते, पण वयाबरोबर माणसाच्या आठवणी अशा मागंपुढं होतात. मी सगळ्यांदेखत ते काढलं नाही. मनातल्या मनात माफ करून टाकलं.

२५ ऑगस्ट

आज ब्रेक असा लागला की डॅशबोर्डवरचा गणपती पुढं आला.

सकाळी सातलेच निघालो. भावसिंगनं काकाले काल हळूच विचारलं होतं, चांद्याले उमरखेडले सोडायचं आहे, हवापालटासाठी, गाडी मिळंल का. काकांनी काहून म्हणून विचारलं नाही. फळी टेकवून स्वतः बैल चढवला. समोर काका आणि भावसिंग, मागं चांद्याजवळ मी आणि अब्बा. बैलाले हवापालट लागते हे मले माहीत नव्हतं, पण वऱ्हाडात काय नाही होत.

उमरखेडले एका वाड्याबाहेर एक माणूस वाट पाहत होता. त्यानं लांबूनच हाक मारली, "ये पिंट्या." चांद्यानं दोन्ही कान उभे केले आणि फळी टेकवायच्या आत उडी मारली. हवा बदलल्याबरोबर जनावरानं नवीन नाव घेतलं. मी टिपून ठेवलं, कथेत कामी येईल.

परतताना ढाणकीच्या अलीकडे चहा प्यायले थांबलो. भावसिंग बशीत फुंकर मारत म्हणाला, "पुढच्या पोळ्याले माह्या सूर्यासंग याले उभं करू. डाव्या अंगानं. जोडी दिसली पाह्यजे."

"उंची नाही जमत," काका म्हणाले.

"झुलीनं झाकू."

"शालू कापला तिनं. खिडकी आहे त्याले."

"हंसाजवळ हाये एक शालू," भावसिंग म्हणाला. मग दोघं बराच वेळ, बैल आणि पिकअप एका रांगेत चालवायचे तर गिअर कोणता ठेवायचा, यावर भांडले. अब्बाले विचारलं. अब्बा म्हणाले, "पहिला. आणि न्यूटल नाही."

फाट्यावर आम्ही दोघं उतरलो. पिकअप टेकाडावर चढून गेला. अब्बा टायरच्या ढिगावर बसले, मलेही बसवलं. खिशातून झिजलेला एक जुना लायनर काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा ठेव. आणि साद, एक बात लक्षात ठेव, बेटा. कोणापुढं बोलशील तं सांभाळून बोलत जा. लोक तुझं बोलणं खरं मानते. जसंच्या तसं करते."

लायनर मी रजिस्टरवर वजन म्हणून ठेवला आहे. पुण्याच्या मासिकाचं पत्र त्याच्याखाली आहे. माझ्या लिखाणावर आजवर आलेला हा पहिला चांगला अभिप्राय, आणि तो अब्बाकडून येईल असं वाटलं नव्हतं.